कुंकू लावलेली डीव्हीडी

चित्र अडकलं तेव्हा टीव्हीवर सखुबाईच्या दिराचं नुसतं उपरणं दिसत होतं. चेहरा अजून यायचा होता. सरपंचांच्या बैठकीत गावचे पंच बसलेले. दीर, भगवान, हसला.

"कुठं हाय मी, बाई? असली उपरणी घराघरात हायत."

सगळे माझ्याकडे बघू लागले. डीव्हीडी प्लेअर मी विकला होता. दिंद्रुडला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून मीच चालवते. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं सोल्डरिंगच्या धुरात शिकले.

भांडण साधं होतं. सखुबाईचा नवरा वारला आणि भगवानने तिला घराबाहेर काढलं. म्हणाला, लग्न झालंच नाही, ती नुसती राहत होती. लग्नाची नोंद कुठेच नव्हती. होती ती लग्नाची एक डीव्हीडी. तिच्यात भगवान स्वतः आहेर करताना दिसत होता. मोबाइलवर कॉपी करून दाखवते असं सखुबाई म्हणाली, तर त्याने पंचांना सांगितलं, "मोबाइलात आजकाल काहीबी बनवत्यात. मूळची सीडी लावा."

सरपंचांकडे मोठा एचडी टीव्ही होता, प्लेअर नव्हता. म्हणून सखुबाई दुकानात आली.

"खाला, लई महागाचा नको. पर तोंड वळखू आलं पायजे."

आधी मी साधा प्लेअर जोडला, लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींचा. दुकानातल्या एचडी टीव्हीवर सगळं वऱ्हाड वाफेत बसल्यासारखं दिसलं. मग एचडीएमआय वायरीचा अपकन्व्हर्टिंग प्लेअर लावला. डीव्हीडीचं चित्र लहान असतं, टीव्ही मोठा. हा प्लेअर चित्र टीव्हीच्या मापाला वाढवून मगच पुढे पाठवतो. कडा नीट दिसतात. मुळात चित्रात नसलेलं नाक मात्र कुठलाच प्लेअर काढून देत नाही, हेही मी तिला सांगितलं. दुकानात महागाचा ब्ल्यू-रे प्लेअरही होता. तो दाखवलाच नाही. तिच्या कामाला त्याची गरज नव्हती.

दुकानात डीव्हीडी शेवटपर्यंत चालली होती. बैठकीत अडकली. मी ती बाहेर काढली. चकचकीत बाजूवर कुंकवाचं बोट.

"हे कुणी केलं?"

"मीच, खाला. सकाळी पूजा केली. नव्या वस्तूची करत्यात न्हवं?"

"मग प्लेअरला लावायचं! ही बाजू लेझर वाचतो. त्याच्या डोळ्यात कुंकू घातलंस की गं."

"प्लेअरलाबी लावलंय."

पंच हसले. भगवान उठायला लागला.

"बस की," मी म्हणाले. "कावून घाई? तुझंच तोंड बघायचंय."

ओल्या मऊ फडक्याने डीव्हीडी पुसली, मधून बाहेर, सरळ. गोल पुसली तर गोल ओरखडा पडतो आणि लेझर तिथेच घुटमळतो. परत लावली. आहेर पुकारणाऱ्याचा आवाज आला, "नवरदेवाचे बंधू भगवान यांच्याकडून, फेटा!" मग भगवान दिसला. नवरीच्या बापाला फेटा देत होता. डाव्या भुवईवर चीर. पंचांनी टीव्हीकडे बघितलं, मग त्याच्या भुवईकडे.

मग भगवानच बोलला. "वहिनी, चावी उद्या देतो."

"आत्ता," सखुबाई म्हणाली.

त्याने दिली.

आता दुकानात येईल त्याला सांगते, वायर एचडीएमआयचीच घ्या. आणि पूजा करायची तर प्लेअरच्या डब्याची करा, वरून.

आहेराच्या त्या चित्रात पाच जण आहेत. नवरदेव, त्याचा बाप आणि नवरीचा बाप वारले. जिवंत आहेत सखुबाई आणि भगवान.