उपाशी राहण्याचा सौदा

माझं हर्नियाचं ऑपरेशन एक दिवस पुढे ढकललं गेलं, त्यात माझी चूक नव्हती. हे मी इतकी वर्षं सांगतोय. बायको सोडून सगळे ऐकून घेतात.

कर्वेनगरला माझं फरशांचं दुकान. तेव्हा वारज्यात कॉम्प्युटरवाली पोरं धडाधड फ्लॅट घेत होती आणि भावावरून माझ्याशी हुज्जत घालून हरत होती. अशाच एकाला तावातावाने खोकं उचलून दाखवलं आणि हर्निया झाला. (फरशी त्याने घेतलीच नाही. मी विसरलेलो नाही.)

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलात एका सिस्टरनी आम्हा पाच पेशंटना बसवून चित्रांच्या तक्त्यावर सगळं समजावलं. भूल कशी देतात, टाके कुठे, दुखेल किती. माहिती असली की भीती जाते, म्हणाल्या. मी घाबरलो नव्हतोच. नुसते तळहात ओले होते.

"काका, तुमचं उद्या दुपारी दोनला. सकाळी सहानंतर काही खायचं-प्यायचं नाही."

"नऊ करा."

"ही मंडई नाही, काका. भुलीत पोटातलं उलटून फुफ्फुसात जातं."

"बरं, साडेआठ."

सिस्टर काही न बोलता तक्ता गुंडाळू लागल्या. आमच्या धंद्यात समोरचा गप्प बसला की सौदा पक्का.

सकाळी मी कोपऱ्यावरून पोहे आणले. दुसऱ्या बशीवर असताना सुधा, म्हणजे बायको, आंघोळ करून आली.

"अहो, सिस्टर सहा म्हणाल्या होत्या ना?"

"ती त्यांची पहिली किंमत."

दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं कधी खाल्लंत?"

"ठरलं होतं तेव्हा."

"साडेआठला," सुधा म्हणाली. "दोन बशा पोहे. वर शेव."

ऑपरेशन रद्द! मी आवाज चढवला. लेखी काय आहे ते दाखवा, म्हणालो. सिस्टरनी दाखवलं. खाली माझीच सही होती.

संध्याकाळी पुन्हा वर्ग भरला, उद्याच्या पेशंटचा. त्यात मीही. "एका काकांनी तर उपाशी राहण्याचा भाव केला," सिस्टर म्हणाल्या. सगळे हसले. मघापासून रडणाऱ्या एक आजीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. सगळ्यांची भीती गेली. माझी एका दिवसाने वाढली होती.

"काका, उद्या सहानंतर काही नाही. चालेल?"

"पाच करा," मी म्हणालो.

"सहाच," सिस्टर म्हणाल्या. "पाचला उठलात तर तासभर जास्त घाबराल."