काशाची वाटी

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिचे तळपाय घासणं. दिवेलागणीची वेळ होती. मी परसात पाय धुतले, आत आलो, दाराला कडी घातली. ती भिंतीला टेकून घोंगडीवर बसली होती, पाय माझ्याकडे पसरून. तूप चुलीच्या कडेला ठेवून पातळ केलं होतं. बोटानं ते तळव्याला लावलं आणि काशाच्या वाटीचं बूड टाचेवर ठेवून बोटांकडे ओढायला लागलो. ती म्हणाली, जरा हलकं, तवा नाय घासत तुमी. हे ती रोज म्हणायची. मी रोज म्हणायचो, तवा बोलत तरी नाय.

माझी शाळा दुसरीपर्यंत. लिहिण्याची हौस मला कधी नव्हती. पण ती गेल्यापासून वाडीत कुणी अंथरुणाला लागलं की माझ्याकडे वाटी मागायला येतात आणि विचारतात, यानं काय होतं, माणूस उठतो का? तोंडी सांगायला गेलं की मी मधेच उठून गोठ्यात जातो आणि समोरचा माणूस अवघडतो. म्हणून लिहून ठेवतो. जे होतं ते सांगतो, जे होत नाही तेही सांगतो.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला. भातं कापायला आली तेव्हा तिचे पाय सुजायला लागले. आधी घोटे, मग पोटऱ्या. सुजेपेक्षा तळपायांच्या आगीनं ती जास्त हैराण. हंड्यांच्या खाली जमीन ओली असते तिथं जाऊन ती पाय टेकून बसायची. झोप नाही म्हणजे नाहीच. शेवटी डोलीत घालून पोलादपूरला उतरवली आणि तिथून बैलगाडीनं महाडला नेली.

महाडचा डॉक्टर चांगला माणूस. त्यानं तिच्या नडगीवर बोट दाबलं, तर बोट काढल्यावरही खड्डा तसाच राहिला. बाटली दिली, मीठ बंद केलं, आणि मला बाहेर बोलावून सरळ सांगितलं, "हृदय थकलंय, म्हणून पाणी भरतंय. औषधानं पाणी थोडं उतरेल, पण हृदय काही नवं होणार नाही." मी बरं म्हणालो. गाडीत तिनं विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं, मीठ खाऊ नको म्हणाला. ती म्हणाली, एवढं सांगायला तुमाला बाहेर नेलं व्हय?

घरी आल्यावर माझ्या वहिनीनं, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोनं, वरच्या वाडीतल्या सुईणीला निरोप धाडला. म्हातारी बाळंतपणं करायची आणि तळपायही घासायची. तिनं आल्या आल्या काशाची वाटी मागितली. ती आमच्याकडे होती, बायकोच्या माहेरची, लग्नात आलेली. म्हातारीनं पाय मांडीवर घेतला आणि आंगठ्यानं दाबत सांगायला लागली की आंगठ्याच्या गादीत डोकं असतं, मधल्या खळग्यात पोट आणि टाचेत कंबर. मी विचारलं, हे आत कुणी बघितलं? ती म्हणाली, "तू वैद्य हायस का? मी बी नाय. मी दाबते, तू तिच्या तोंडाकडं बघ." आणि तिनं खळगा दाबला तशी हिनं ढेकर दिली. वहिनीला हसू आवरेना.

तर काय होतं ते असं. पहिल्या दिवशी अंग मोडून येतं, माणूस उगाच चिडतो. हिला तर रडूही आलं, कशाचं ते तिलाही सांगता येईना. म्हातारी म्हणाली, येतं, येऊ द्या. मग लघवी मोकळी होते. तळव्याची आग उतरते, सगळी नाही, पण पाय अंथरुणावर ठेवता येतात. आणि झोप लागते. हे मोठं आहे. झोप न लागणाऱ्या माणसाबरोबर जो राहिलाय त्यालाच ते कळेल.

आणि वाटी काळी होते. घासता घासता तुपाला काजळासारखा रंग येतो, तळवे काळे होतात. म्हातारी म्हणाली, ही अंगातली आग, बाहेर पडतेय. माझ्या बायकोनं ते मनावर घेतलं. घासणं झालं की विचारायची, निघालं का? मी वाटी दिव्याकडे कलती करायचो. काळं दिसलं की तिला बरं वाटायचं.

औषध आणायला मी एकटा महाडला गेलो तेव्हा डॉक्टरला हे सांगितलं. वाटलं, हसेल. तो हसला नाही. म्हणाला, घासा, सूज आहे तिथं जोर करू नका, कातडी फुटली तर बंद करा आणि माझी बाटली थांबवू नका. झोप लागत असेल तर चांगलंच आहे. मी काळ्या रंगाचं विचारलं. तो म्हणाला, "ते काशाचं आहे. तूप आणि घाम लागून धातू काळा पडतो. बाईंच्या अंगातून काही बाहेर पडत नाही."

हे मी तिला सांगितलं नाही. वाटभर विचार केला आणि नाही सांगितलं.

पुढं म्हातारीचा गुडघा धरला. चढ-उतार तिला होईना. आता घासायचं कुणी, हा घोर पडला. मुलगा आणि सून मुंबईला. वहिनी तयार होती, पण थोरल्या जावेच्या हातात पाय द्यायचा म्हणताच ही पाय पोटाशी घेऊन बसली. उरलो मी. मी म्हणालो, मी घासतो. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"नवऱ्याच्या हातात पाय देऊ? वर गेल्यावर काय सांगू मी?"

मी म्हणालो, सांग, माणूस हट्टी होता. तिला हसू आलं नाही. आमच्याकडे नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावला तर पाप बायकोला लागतं. असं का, ते मला कुणी सांगितलं नाही. तिनं कशालाच भिऊन पाऊल मागं घेतलं नव्हतं, रानात गुरांमागं एकटी हिंडलेली बाई, पण याला ती भ्यायली. पुन्हा आग सुरू झाली. पुन्हा ती हंड्यांपाशी जाऊन बसायला लागली. मी तुपाची वाटी घेऊन शेजारी बसायचो आणि तशीच परत ठेवायचो.

मग एके दिवशी तिनंच बोलणं काढलं. दार लावायचं. कुणाला सांगायचं नाही. आणि घासून झालं की ती माझ्या पायाला हात लावून नमस्कार करणार, म्हणजे जे काय पाप लागलं असेल ते जाग्यावरच फिटेल. "आनी आधी पाय धुवून या. तुमच्या भेगांत नाचनी पेरली तर उगवंल."

असं आमचं सुरू झालं. मला सुरुवातीला जमलं नाही. एकदा जोरात लागलं, एकदा गुदगुल्या झाल्या आणि तिनं पाय झाडला तशी वाटी चुलीपर्यंत घरंगळत गेली. हळूहळू हात बसला. दिवेलागणीला आमची कडी पडायला लागली हे वाडीत कुणाच्या नजरेतून सुटणार होतं? वहिनीनं ओट्यावर चार बायांसमोर विचारलं, भाऊजी, या वयात सांजच्यालाच कडी? मी म्हणालो, थंडी वाजते. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आत येऊन हिला सांगितलं तर लाजली, आणि मग बराच वेळ बारीक बारीक हसत राहिली. आजारपणात ती हसली अशी मला ती एकच संध्याकाळ आठवते.

तिला वाकता येत नव्हतं. म्हणून घासून झालं की मी भिंतीला हात लावून तिच्याजवळ उभा राहायचो आणि एक पाऊल घोंगडीच्या काठावर ठेवायचो. ती बोटं माझ्या आंगठ्याला लावायची, मग स्वतःच्या कपाळाला. त्यानंतरच आडवी व्हायची. एकदा तिला आधीच डुलकी लागली, तर मी गोठ्यात गेल्यावर दचकून जागी झाली आणि हाका मारून मला परत बोलावलं. मला पुन्हा पाय धुवून यावं लागलं.

आता ती शेवटची संध्याकाळ. मी घासत होतो आणि तूप पिवळंच राहिलं. मला वाटलं, दिव्याचा उजेड कमी आहे. अजून घासलं. पिवळंच. तिचे तळवे दोन दिवस कोरडे पडलेले होते, नावाला घाम नव्हता, ते मला माहीत होतं. डॉक्टर काय बोलला तेही माहीत होतं.

ती म्हणाली, "बघू."

मी वाटी कलती केली. तिनं बराच वेळ बघितलं.

"आज नाय निघालं."

"नाय."

"मंग आग संपली म्हनायची."

आणि मलाही तसंच वाटलं. सगळं ठाऊक असून वाटलं. माणसाला वाटायचं ते वाटतंच, डॉक्टरनं सांगितलेलं तेवढ्यापुरतं कुठं जातं कोण जाणे. ती म्हणाली, उद्या मला ओट्यावर बसवा, उनात, जाऊबाई बघू देत. मी बसवतो म्हणालो. दुसरा पाय राहिला होता, तो घासायला घेतला. तवा, हलकं, असं काहीच ऐकू आलं नाही म्हणून वर बघितलं, तर तिला झोप लागलेली. मान एका बाजूला पडलेली, तोंड थोडं उघडं. मी तिला हळूच आडवी केली.

मग मी सवयीनं भिंतीला हात लावून उभा राहिलो, पाऊल काठावर ठेवलं. तिचा हात जागचा हलला नाही. उठवावी का? मनात आलं, बरी होत चाललीय, आपली आपण झोप लागलीय, कशाला मोडा. नमस्कार काय, उद्याही करील. मी पाऊल काढून घेतलं आणि कडी काढली.

सकाळी म्हशीचं दूध काढून आलो तरी ती आदल्या संध्याकाळी निजवली तशीच होती. मी वहिनीला हाक मारली. बाकीचं वहिनीच्या आवाजानं वाडीला कळलं.

बाया जमल्या. तिला न्हाऊ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं. म्हणत होत्या, नशीबवान, सवाष्ण गेली. सवाष्ण गेली की लहान-थोर सगळ्या तिच्या पाया पडतात, तशा एकेक करून पडल्या. वहिनीही वाकली. जिच्या हातात पाय द्यायला ही लाजली होती, तिनंच त्या पायांवर डोकं ठेवलं. मी ओट्यावरून उघड्या दारातून ते बघत होतो. पुरुषमाणसं बांबू आणायला गेली होती.

तेव्हा मला आठवलं की तिचं राहिलंय.

मी उठलो. परसात गेलो, हंड्यातलं पाणी घेतलं आणि पाय धुतले. दगडानं टाचा घासल्या, भेगांतली माती काढली. कुणीतरी म्हणालं, डोकं फिरलं त्याचं, आता कसले पाय धुतो. मी ओल्या पायांनी आत गेलो आणि बायांना म्हणालो, जरा बाहेर बसा. कुणी हलेना. वहिनीनं माझ्या पायांकडे बघितलं. मग ती उठली, म्हणाली, "चला गो, बाहेर बसू," आणि सगळ्यांना घेऊन गेली.

मी कडी घातली. ती आडवी होती, म्हणून उभं राहून जमणार नव्हतं. मी जमिनीवर बसलो आणि पाऊल तिच्या हाताजवळ सरकवलं. हात जड झाला होता. तिची बोटं माझ्या आंगठ्याला लावली, मग तोच हात उचलून तिच्या कपाळाला लावला. बोटांना कुंकू लागलं. ते मी पुसलं नाही. हात तिच्या अंगाशी नीट ठेवला, उठलो आणि कडी काढली.