बिनबांगड्यांचे महिने

शांतव्वा माझ्या दारी पहिल्यांदा आली ती जोगवा मागायला. मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या गल्लीत देवीला वाहिलेल्या जोगती येत. डोक्यावर देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, तिला जग म्हणतात, आणि गळ्यात कवड्यांची माळ. बाकीच्या पसाभर पीठ घेऊन पुढच्या दाराला जात. शांतव्वा जग खाली ठेवून पायरीवर बसे, पाणी मागे आणि माझ्या कुंड्यांतलं कोणतं झाड का सुकतंय ते न विचारता सांगे. उंच, रुंद खांद्यांची, जड आवाजाची. आपण मुलगा म्हणून जन्मलो हे तिने कधी लपवलं नाही, आणि कधी त्याचा गाजावाजाही केला नाही.

बाकीचं मला वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यांनी कळलं. गाव गडहिंग्लजच्या पुढे, सीमेलगत. घर लिंगायतांचं, कानडी बोलणारं, किराणा आणि गुळाचं दुकान. नाव शिवमूर्ती. बारा वर्षांचा असताना केसांत जट आली, ती देवीची खूण मानून घरचे त्याला सौंदत्तीच्या डोंगरावर घेऊन गेले आणि देवीच्या नावाची माळ गळ्यात बांधून आणली. आईने त्याच दिवशी आपल्या हाताने त्याच्या मनगटात हिरव्या बांगड्या भरल्या. वडील होते तोवर देवीच्या धाकाने घर गप्प राहिलं. ते गेल्यावर धाकटा भाऊ श्रीशैल याने दुकान वाढवलं, मोठी गिऱ्हाइकं येऊ लागली, आणि दुकानाच्या मागच्या अंगणात लुगडं नेसून भांडी घासणारा थोरला भाऊ त्याला खुपू लागला. १९९२ साली शांतव्वा घर सोडून कोल्हापूरला आली. त्यानंतर तिने आईला पाहिलेलं नव्हतं.

जोगतींची एक रीत इथे सांगायला हवी. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला देवीच्या नवऱ्याचा वध झाला असं त्या मानतात. त्या दिवशी डोंगरावर जाऊन त्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात आणि माघातल्या पौर्णिमेपर्यंत विधवेसारख्या राहतात. माघात देवी पुन्हा सवाष्ण होते, मग यांचेही हात पुन्हा भरतात. माझे यजमान गेले त्या वर्षी शांतव्वा पायरीवर बसून म्हणाली होती, "आक्का, माझं दोन म्हैन्यानं परत भरतंय. तुमचं न्हाय." त्या दिवसांत सांत्वनाला बरेच जण येऊन गेले. मला हेच वाक्य आठवतं.

यजमानांचा दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत होता. ती खोली रिकामी पडली होती. २००५ च्या सुरुवातीला उन्मेष नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा ती भाड्याने मागायला आला. पुण्यातली नोकरी सोडून तो गावी परतला होता आणि त्याला 'मोकळीक' नावाची संस्था काढायची होती: शांतव्वासारख्यांसाठी, आणि पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषांसाठी, बाईवर प्रेम करणाऱ्या बायांसाठी. अशा माणसांना आमच्या गावात तेव्हा शिव्या होत्या, नाव नव्हतं. आपण स्वतः त्यांच्यातले आहोत, हे तुम्हाला मागाहून दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो, असं तो म्हणाला. मी त्याला भाडं सांगितलं आणि खोलीत ओल येते तेही सांगितलं.

पाटी लागल्यावर गल्ली बिथरली. पाटीवर दोनदा शेण आलं, एकदा दगड. समोरच्या कृष्णात मिस्त्रींनी मला मुद्दाम थांबवून विचारलं की डॉक्टरांच्या माघारी हे काय मांडलंय. शांतव्वाने ते ऐकलं. जोगवा मागायला ती नेमाने त्यांच्या दारात जाई आणि कृष्णातच्या आई तिच्या पाया पडत. "मंगळवारी पाया पडायचं आनि बुधवारी दगड मारायचा," ती हसत मला म्हणाली, "लई दमत असतील ओ ही मानसं."

त्या नोव्हेंबरात तिची सोबतीण तानाबाई गेली. तीही शांतव्वासारखीच जोगती, तिच्याच खोलीत राहणारी. पोटात असह्य दुखू लागलं म्हणून शांतव्वा तिला रिक्षाने एका रुग्णालयात घेऊन गेली. पुरुषांच्या वॉर्डात लुगड्यातलं माणूस घेईनात, बायकांच्या वॉर्डात घ्यायला तिथल्या बायकांची हरकत. दिवसभर ती व्हरांड्यात फरशीवर पडून होती आणि तिथेच गेली. शेवटपर्यंत तिच्याजवळ एकटी शांतव्वाच होती.

उन्मेषने ठरवलं की हे पत्रकारांसमोर सांगायचं. तोंड झाकून किंवा नाव बदलून सांगितलेलं कोणी मानणार नाही, म्हणून उघड्या तोंडाने सांगायचं. ते सांगू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ती हो म्हणाली.

घोटाळा तारखेत झाला. एका वाचनालयाचं सभागृह डिसेंबरअखेर मोकळं होतं, ते उन्मेषने घेतलं. मराठी महिना कोणता ते बघायचं त्याला सुचलं नाही, आणि मलाही नाही. त्याने फोटोसाठी हिरवं लुगडं आणून ठेवलं, डझनभर बांगड्या आणल्या. शांतव्वा सौंदत्तीहून परतली ती पांढऱ्या लुगड्यात, मोकळ्या कपाळाने, दोन्ही हात रिकामे. उन्मेष गडबडला. एक तासापुरतं घाला, तो अजिजीने म्हणू लागला, फोटोत लोकांना बाई दिसली पाहिजे, नाहीतर सगळं हसण्यावारी नेतील. तारीख पुढे ढकलावी तर सभागृह मिळणार नव्हतं आणि पत्रकारांना निरोप गेले होते.

"फोटूसाठी देवीला खोटं पाडू व्हय?" शांतव्वा म्हणाली. उन्मेषने बांगड्या गुंडाळून कपाटात ठेवल्या.

आदल्या दिवशी सकाळी श्रीशैल आला. कुठून तरी बातमी त्याच्या कानावर गेली होती. पांढरा सदरा, कपाळाला विभूती, पायांतल्या चपला दाराबाहेर नीट जुळवून ठेवलेल्या. मी चहा ठेवला. तो आणि शांतव्वा संस्थेच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर समोरासमोर बसले होते. आधी कानडीत बोलले, पण मी आत गेल्यावर त्याने मुद्दाम मराठी धरली. बहुधा मी साक्षीदार असावी असं त्याला वाटलं.

त्याची मुलगी दानेश्वरी हिचं लग्न निपाणीच्या एका घराशी ठरलं होतं. फाल्गुनातला मुहूर्त होता. पेपरात फोटो आला तर ते घर मागे फिरेल, एवढंच त्याचं म्हणणं. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. उलट त्याने तडजोड पुढे केली.

"अण्णा," तो म्हणाला. इतक्या वर्षांनीही तो तिला थोरला भाऊ म्हणूनच हाक मारत होता. "उद्या तू तिथं बसू नगोस. लग्नाला ये. पँट-शर्ट घाल, जट टोपीत घाल, पुढच्या रांगंत बस. आईजवळ दोन दिस ऱ्हा. तिला आता दिसत न्हाय नीट. रोज इचारती."

शांतव्वाने विचारलं, काय विचारते.

"तुझंच की."

"आनि बसलो तर?"

"मग घराकडं तोंड करायचं न्हाय. आई असताना न्हाय, गेल्यावर बी न्हाय. मातीला सुदिक बोलावनार न्हाय."

शांतव्वाने चहा संपवला. कप विसळून पालथा घातला. श्रीशैल म्हणाला की तो रात्री कोल्हापुरातच राहणार आहे आणि उद्या सभागृहात येऊन बसेल, काय ते डोळ्यांनी बघेल.

दुसऱ्या दिवशी अकराची वेळ दिली होती. पत्रकार आले, गल्लीतले काही रिकामटेकडे आले, श्रीशैल शेवटच्या रांगेत गुडघ्यांवर हात ठेवून बसला. शांतव्वाचा पत्ता नव्हता. उन्मेषने मला बळेच व्यासपीठावर बसवलं, कारण रिकाम्या खुर्च्या वाईट दिसत होत्या. तो प्रास्ताविक लांबवत राहिला. मागून कोणीतरी ओरडलं, "पावणं, नवरी कुठाय तुमची?" हशा झाला. मला मनातून वाटत होतं की तिने येऊ नये. आईजवळचे दोन दिवस कोणी का सोडावेत?

ती आली. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. मधल्या वाटेने चालत येताना तिने शेवटच्या रांगेकडे पाहिलं आणि मग माझ्या शेजारी येऊन बसली. तानाबाईला रिक्षातून कसं उतरवलं इथपासून तिने सुरुवात केली. कोण काय म्हणालं, तानाबाईने पाणी मागितलं तेव्हा नळ कुठे होता, शेवटी तिचं डोकं कोणाच्या मांडीवर होतं. रडली नाही. हसणारे हळूहळू थांबले.

मग पुढच्या रांगेतला एक पत्रकार उठला. "बाई म्हनवून घेता, मग हातात बांगडी न्हाय, कपाळाला कुंकू न्हाय. आमी कशावरनं मानायचं?"

उन्मेषने डोळे मिटून घेतले. त्याला ज्याची भीती होती तेच झालं होतं.

शांतव्वाने माझा हात धरला आणि टेबलावर आपल्या हाताशेजारी ठेवला. दोन्ही मनगटं रिकामी. "ह्या आक्कांच्या बी हातात न्हाय," ती म्हणाली. "त्यास्नी इचारता का, तुमी कोन म्हनून?"

तो पत्रकार लगेच बसला नाही. चिडला असावा. त्याने मूळ नाव विचारलं, गाव विचारलं. शेवटच्या रांगेत श्रीशैल उभा राहिला होता. तिने माझा हात पुन्हा घट्ट धरला.

"नाव शांतव्वा. गाव इचारू नगासा. गावात माझी आई हाय."

कॅमेऱ्याचा उजेड पडला. पुन्हा पाहिलं तेव्हा शेवटची रांग रिकामी होती.

फोटो छापून आला. आठवड्याभराने त्या रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांनी उन्मेषला बोलावलं आणि बायकांच्या वॉर्डाच्या टोकाला पडदा लावून दोन खाटा ठेवू असं तोंडी कबूल केलं. लेखी काही मिळालं नाही. उन्मेष त्यासाठी पुढे कितीतरी खेटे घालत राहिला. खाटा मात्र पडल्या. पुढच्या पावसाळ्यात मी त्या जाऊन पाहिल्या.

शांतव्वा दर मंगळवारी जग खाली ठेवून माझ्या फोनवरून गावच्या दुकानात फोन लावू लागली. श्रीशैल उचले, तिचा आवाज ऐकून ठेवून देई. तीही पाणी पिऊन निघे. माघातली पौर्णिमा झाली आणि तिचे हात कोपरापर्यंत हिरवे झाले. निपाणीचं घर मागे फिरलं नाही. लग्न झाल्याचं आम्हाला तिकडच्या एका जोगतीकडून कळलं. निमंत्रण आलं नव्हतं.

लग्नानंतरच्या मंगळवारी तिने नेहमीसारखा फोन लावला. या वेळी तिकडून लगेच ठेवला गेला नाही. ती ऐकत होती. मग तिने रिसीव्हर मनगटाजवळ धरला आणि हात हलवला. बांगड्या वाजल्या. थांबून तिने पुन्हा हलवला, जरा जोराने. रिसीव्हर कानाशी नेला तोवर तिकडून फोन बंद झाला होता.

काय झालं, मी विचारलं.

"आई हुती," ती म्हणाली. "पुनव झाली, हात भरलास काय, म्हनून इचारत हुती."

फोन आईने ठेवला की कोणी काढून घेतला, ते तिला कळलं नाही. पुढच्या मंगळवारी पुन्हा श्रीशैलने उचलला. तो काही बोलला नाही. पण लगेच ठेवलाही नाही.