इसिल्डाची चौतीस दारं

इसिल्डा पिनकनं आणि मी नॉटिंगहॅममधल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं शेजारी उभ्या राहून बटाटे सोलले. मी बार्बाडोसची, ती जमैकाची. गावी ती मास्तरीण होती. एकोणीसशे सत्तावन्न साली बोटीनं इकडे आली, तेव्हा चार वर्षांच्या मर्लला आपल्या आईकडे ठेवून आली होती. मर्लचा बाप शेतकामाला अमेरिकेत गेला तो परतलाच नव्हता. "दोन वर्षांत बोलावून घेते," असं इसिल्डानं लेकीला सांगितलं होतं.

आल्या आल्या ती प्रमाणपत्रं घेऊन शिक्षकाच्या नोकरीसाठी गेली. समोरच्या बाईंनी कागद उघडलेसुद्धा नाहीत. "आमच्या मुलांना तुमचं बोलणं कळायचं नाही," म्हणाल्या. हे इसिल्डाला मात्र अगदी नीट कळलं. मग तिला शाळा मिळाली, पण स्वयंपाकघरातली. एकदा वाढता वाढता तिनं एका मुलीला सातचा पाढा समजावून दिला, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "इसिल्डा, तुझं काम बटाट्यांचं."

राहायला एक खोली होती, पण तिथे मूल चालत नसे. म्हणून दर शनिवारी ती नवी जागा शोधायला निघायची. बंद दारांचे पत्ते एका वहीत लिहून ठेवायची, म्हणजे पुन्हा तिथेच जाऊन अपमान नको. कुणी सांगायचं, खोली आत्ताच गेली. खिडकीतली 'खोली भाड्यानं' ही पाटी पुढचा महिनाभर तशीच. कुणी अगदी प्रेमानं सांगायचं, "माझं काही नाही हो, पण शेजारी काय म्हणतील?" एकीनं तर दाराआडूनच, "काळे नकोत, पोरं तर त्याहून नकोत," म्हणून कडी घातली. अशी चौतीस दारं झाली. दोन वर्षांची अकरा झाली.

घरी पत्रं जायची ती वेगळीच. "मी इथे शाळेत आहे. मुलं गोड आहेत." आईनं ती पत्रं गावभर वाचून दाखवली, आणि मर्ल सगळ्यांना सांगत सुटली, "माझी आई इंग्लंडात टीचर आहे."

अडुसष्ट साली पस्तिसावं दार उघडलं आणि मर्ल आली. स्टेशनवर मी बरोबर होते. पंधरा वर्षांची उंच पोरगी, पातळ कोटात कुडकुडत उभी. इसिल्डा हात पसरून धावली. पोरीनं हात पुढे केला आणि म्हणाली, "गुड आफ्टरनून, मिस इसिल्डा." आई म्हणायची ती आजीला.

पंधरवड्यानं मर्ल आईला चकित करायला शाळेत आली. शिपायानं तिला मागच्या दारानं आत सोडलं. इसिल्डा डोक्याला जाळी लावून कोबीचं पातेलं उपसत होती. मर्ल क्षणभर उभी राहिली आणि निघून गेली. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते.

"तू तर शाळेत आहेस म्हणाली होतीस."

"मग? शाळा नाही का ती?"

"मी अख्ख्या गावाला सांगितलं होतं!"

अठरा पुरी होताच मर्ल नर्स व्हायला लीड्सला गेली. त्यानंतर नाताळाचं कार्ड, वाढदिवसाला फोन. भांडण नाही की माया नाही.

इसिल्डाचं वय ब्याऐंशी असताना केझाया नावाची मुलगी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये आली. तिचे आजोबाही जमैकाचेच. बोटीनं आलेल्या लोकांवर ती नाटक लिहीत होती. इसिल्डानं वही काढली आणि एकेका घरमालकिणीची अशी हुबेहूब नक्कल केली, की आम्ही म्हाताऱ्या पोट धरून हसलो. केझाया आधी हसली, मग डोळे पुसायला लागली.

तालमीला आम्ही दोघी गेलो. केझायानं शेवटी स्टेशनवर मायलेकींची गळाभेट दाखवली होती.

"असं झालं नाही गं," इसिल्डा म्हणाली.

"लोकांना थोडी आशा हवी ना, मिस इसिल्डा."

"आशा होती की! अकरा वर्षं होती. म्हणून तर खोटं लिहिलं."

केझायानं शेवट बदलला. आता मुलगी हात पुढे करते, नमस्कार म्हणते, दोघी तशाच उभ्या राहतात, आणि पडदा पडतो.

मी कुणाला न विचारता मर्लला फोन केला. शनिवारच्या दुपारच्या खेळाला ती आली आणि मागे बसली. आता तिचेही केस पांढरे झालेले. खेळ संपल्यावर बाहेरच्या खुर्च्यांवर इसिल्डा चहा घेत होती, तिच्याशेजारी येऊन बसली.

"चौतीस घरं?" मर्लनं विचारलं.

"वहीत लिहिलेली. आधीची दोन-चार विसरले."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुला ठेवायला जागा नाही म्हणून? तुला वाटलं असतं, तू नकोशीच आहेस."

"मला तेच वाटत होतं," मर्ल म्हणाली. "इतकी वर्षं."

मर्लनं इसिल्डाच्या हातातला कप काढून घेतला आणि तिचा हात धरला. पुढे दहा मिनिटं त्या काय बोलल्या मला ठाऊक नाही. मी कोट आणायला गेले ते मुद्दाम उशिरा आले.

त्यानंतर मर्ल तीन रविवार आली. चौथ्या आठवड्यात इसिल्डाला झटका आला आणि वाचा गेली. मर्ल उशाशी बसून जुनं काहीबाही विचारायची, इसिल्डा नुसती बघायची. मार्चमध्ये ती गेली.

मला टोचतं ते वेगळंच. वही मला पहिल्यापासून ठाऊक होती. त्या संध्याकाळी, मर्ल ओरडत असताना, मी त्याच खोलीत बसले होते. एक वाक्य बोलले असते तर भागलं असतं. मायलेकींच्या मध्ये आपण कशाला पडा, असं वाटलं आणि मी खाली मान घालून चहा पीत राहिले.

मर्ल अजून रविवारी फोन करते. आई बटाटे सोलताना काय गुणगुणायची, मधल्या सुट्टीत कुठे बसायची, माझ्याबद्दल काही बोलायची का, असं विचारते. मी आठवतं तेवढं सांगते. बरंचसं आता आठवत नाही.