स्वातंत्र्यदिनाची भांडी
भांड्यांच्या साबणाचा लिंबाचा वास आला की मला शिकागोतलं आमचं विद्यार्थीदशेतलं घर आठवतं. मी, एक लाहोरचा आणि एक काठमांडूचा, असे तिघं राहायचो. घरात नियम एकच होता, ज्याच्या देशाचा स्वातंत्र्यदिन, त्याला त्या दिवशी भांडी माफ. नियम अर्थात मी आणि लाहोरवाल्यानेच केला होता. चौदा ऑगस्टला त्याने डेव्हन ॲव्हेन्यूवरून मटण आणून कोरमा केला, आणि तेलकट पातेलं सिंकमध्ये टाकून सोफ्यावर पसरला. पंधराला मी बासुंदी आटवली, ती कढईला खाली लागली, आणि मीही त्याच्या शेजारी पसरलो. काठमांडूवाल्याने विचारलं, "यार, माझा दिवस कधी?" लाहोरवाला शांतपणे म्हणाला, "तुम्ही कधी गुलामच नव्हता. तुला कसली सुट्टी?" दोन दिवसांचा तो ढीग बिचारा एकटाच घासायला लागला. मग कढई खरवडत म्हणाला, "आमच्या पूर्वजांनी इंग्रजांना उगाच अडवलं." आता माझ्याकडे डिशवॉशर आहे. तरी दर पंधरा ऑगस्टला त्याचा फोन येतोच. शुभेच्छा वगैरे काही देत नाही, आज कढई कोण घासतंय एवढंच विचारतो.