अण्णांची गाडी आणि भलतंच इंजिन: नागपूर ते जबलपूर

जबलपूरला जायचं ठरवताय? जा, अवश्य जा. आता नागपूरहून पाच तासांत पोचता, मध्ये झोपसुद्धा लागते. आम्हाला पहिल्या खेपेला दीड दिवस लागला. आणि त्याआधी सहा वर्षं.

ती सहा वर्षं आधी सांगते. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी मास्तरकीच्या पगारात एक जुनी विलायती मोटार घेतली, तेव्हा ती बघायला वसंतमामा जबलपूरहून आला होता. मामा तिथे खमरियाला दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर, गाड्यांच्या दुरुस्तीखात्यात. त्याने बॉनेट उघडलं, इंजिनावर टिचकी मारली आणि म्हणाला, "गाडी मस्त आहे भाऊजी. पण इंजिन हिचं नाही. कोणीतरी बदललं."

एवढंच बोलला बिचारा. पण अण्णा अख्ख्या आळीला "सगळं मूळचं, विलायतेतून आलेलं" असं सांगून बसले होते आणि निम्मी आळी तिथेच उभी होती. अण्णा लालेलाल. "याच इंजिनावर, कोणाचा धक्का न घेता, ही गाडी तुमच्या दारात उभी करीन वसंतराव. तोवर तुमचा उंबरा ओलांडणार नाही!" मामाही काही कमी नव्हता. तो म्हणाला, "चलो ठीक! मग बोलावल्याशिवाय मीही येत नाही."

दोन पुरुषांचा ताठा, आणि माहेर तुटलं आईचं. ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, हे तुम्हाला ठाऊक असेल. माझी आई, चांगला धडधाकट भाऊ असताना, सहा वर्षं चंद्राला ओवाळत होती. आज लिहितानाही मला संताप येतो.

अण्णा स्वस्थ बसले नव्हते हं. गाडीसोबत तिचं छापील इंग्रजी पुस्तक आलं होतं, त्याची त्यांनी पोथी केली होती. चार सिलिंडरमध्ये ठिणगी कोणत्या क्रमाने पडायची ते त्यात दिलं होतं, एक-तीन-चार-दोन. दर दिवाळीआधी अण्णा त्या क्रमाने प्लगच्या वायरी लावत. गाडी फटाफट बार काढत कामठीला जाई आणि तिथे मान टाकी. सीताबर्डीच्या एकेका मिस्त्रीने हात टेकले. अण्णा म्हणत, "पुस्तक चुकत नाही. मिस्त्री अडाणी आहेत."

मग बांगलादेशच्या लढाईआधीची ती दिवाळी आली. मामाचं पोस्टकार्ड आलं. कारखान्यात सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द, दिवसरात्र काम, आणि दिवाळीनंतर दुरुस्तीच्या पथकासोबत त्याला सरहद्दीकडे पाठवणार होते. आईने ते दोनदा वाचलं, ब्लाउजमध्ये खोचलं आणि म्हणाली, "यंदा मी भावाला ओवाळणार. गाडीने नेता तर न्या. नाहीतर मी रेल्वेने चालली. तुम्ही बसा उंबरा सांभाळत." आईचा तो आवाज मी तोवर ऐकला नव्हता. अण्णांनीही नसावा, कारण ते लगेच टायरमध्ये हवा भरायला गेले.

पाडव्याला पहाटे निघालो. अण्णा चाक धरून, आई शेजारी, मी मागे चकलीच्या डब्यांसोबत. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. कामठी आली, गाडी रीतीप्रमाणे बंद पडली. आई म्हणाली, "हँडल मारा." समोरून लोखंडी हँडल फिरवून इंजिन चालू करणं म्हणजे धक्का नव्हे, हा अण्णांनीच केलेला कायदा. त्या दिवसात त्यांनी किती वेळा हँडल मारलं ते मोजणं मी मनसरला सोडून दिलं.

खवासा ओलांडला की कुरईचा घाट लागतो. आता तिथे जंगलातून उंच रस्ता आहे, खालून वाघ जातो म्हणतात. आमची गाडी दुसऱ्याच वळणावर धापा टाकायला लागली. अण्णांनी पुस्तक काढलं, पान शोधलं आणि जाहीर केलं, "सगळ्यात जास्त जोर रिव्हर्समध्ये असतो." झालं! अख्खा घाट आम्ही उलटे चढलो. आई आणि मी गाडीच्या बाजूने चालत होतो, मोठा दगड हातात घेऊन. गाडी थांबली की चाकाखाली दगड. तेवढ्यात लष्करी ट्रकांचा ताफा आला. एक जवान वरून ओरडला, "चाचाजी, लड़ाई उधर है, आप वापस काहे जा रहे हो?" अण्णा म्हणाले, "हम आगेही जा रहे है!" आणि पुन्हा मागे बघून चालवायला लागले.

मुक्काम शिवनीच्या धर्मशाळेत. त्या दिवसांत गेलात तर शिवनी-छपाऱ्याची सीताफळं सोडू नका. रुपयात टोपली मिळाली होती. आता तो भाव मागाल तर बाई टोपलीच फेकून मारेल.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. लखनादौनला पोहे, धूम्याला चहा, चढावर हँडल. तिलवारा घाटाच्या पुलावर आईने नर्मदेत नाणं टाकलं आणि काहीतरी पुटपुटली. जबलपूरच्या गोरखपूर बाजारातून आम्ही असे बार काढत गेलो की फटाक्यांच्या दुकानदाराने उठून पाहिलं. आणि खमरियाच्या वसाहतीच्या फाटकाशी, लढाईच्या तोंडावर, जिथे पक्षीही दबकून बोलत असतील, तिथे गाडीने ठो, ठो, ठो असे तीन बार काढले.

शिपाई बंदूक घेऊन धावला. "ये गाड़ी है कि तोप?" मग त्याने डबे उघडायला लावले. एक चकली मोडली, हुंगली, खाऊन बघितली. खात्री पटेना म्हणून आणखी दोन खाल्ल्या. "जाइए."

गेलो, पण ऐंशी पावलं आधी गाडी मेली. हँडल मारून अण्णांचे दंड भरून आले, पण ती हूं की चूं करेना, तेव्हा ते पुन्हा चाकामागे जाऊन बसले. समोर मामाचं क्वार्टर दिसत होतं. मामा आणि मामी बाहेर येऊन आपल्या अंगणाच्या फाटकाशी उभे. सव्वा वाजला होता आणि मामाची पाळी दोनला. मामा पुढे येईना, अण्णा खाली उतरेनात.

मामीने तिथूनच हाक मारली, "काहून बसून राहिले तुम्ही? या ना!" अण्णांनी चाक आणखी घट्ट धरलं.

आई उतरली. नव्या लुगड्याचा पदर खोचला आणि हँडल उचललं. "वसंता, इकडे ये. रस्त्याला कोणाचा उंबरा नाही. आणि अहो, तुम्ही उतरा. सहा वर्षं चंद्र माझा भाऊ झाला. तो कधी पाटावर येऊन बसला नाही, की ताई म्हणाला नाही. आता तुम्ही दोघं मिळून हे इंजिन चालू करा, नाहीतर मी दोघांनाही सोडलं."

मामा धावतच आला. त्याने खिशातल्या नाण्याने इंजिन खरवडलं. काळ्या रंगाखाली लाल निघाला, लालखाली लष्करी हिरवा. एका बाजूला दोन बुजवलेली भोकं होती. मामा हळूच म्हणाला, "भाऊजी, रागावू नका. हे आग विझवायच्या पंपाचं इंजिन आहे, ही भोकं पंपाच्या नळ्यांची. दुसऱ्या महायुद्धातलं. आमच्या आवारात असे दोन होते, मी उघडले आहेत."

मी डोळे मिटून घेतले. अण्णांनी त्या लाल रंगावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मग ठिणगीचा क्रम?" सहा वर्षांतले मामाशी बोललेले पहिले शब्द.

"इतक्या वर्षांचं काय आठवणार! आणि तुमच्या पुस्तकात तर नसणारच. इंजिनालाच विचारू."

मामाने चारही प्लग काढले. पहिल्या भोकावर अण्णांचा अंगठा, दुसऱ्यावर माझा, तिसऱ्यावर मामाचा, चौथ्यावर मामीचा. ज्याच्या अंगठ्याला आतून हवेचा धक्का बसेल त्याने बोलायचं. आई हँडल हळूहळू फिरवू लागली.

"आला!" अण्णा ओरडले. "वसंतराव, आता तुम्ही."

"मला नाही आला."

माझा अंगठा फटकन उडाला. "मला! मला!" मग मामी किंचाळली, "अगं बाई!" आणि सगळ्यात शेवटी मामा, "अच्छा, आता आला." पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. एक-दोन-चार-तीन. सहा वर्षं दोन वायरी उलट्या होत्या, आणि निम्म्या इंजिनावर आम्ही सातपुडा ओलांडला होता!

मामाने वायरी बदलल्या. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचं अंतर बघायला पातळ पट्टी हवी होती, तर आईने त्याचंच पोस्टकार्ड काढून दिलं. ते मध्ये सरकवून त्याने स्क्रू आवळला. आईने हँडलला एक हिसका दिला. गाडी अशी गुणगुणायला लागली की अण्णा बॉनेटमध्ये वाकून बघू लागले, खरंच चालू आहे का.

ऐंशी पावलं ती आपल्या पायांनी गेली. त्याच इंजिनावर, धक्का न घेता, दारात. अण्णांनी उंबरा ओलांडला आणि थेट रडले. आईने मामाला ओवाळलं तेव्हा दोनला दहा मिनिटं होती. कपाळावर ओला टिळा घेऊन मामा सायकल काढायला लागला, तर अण्णा म्हणाले, "चला, मी सोडतो." फाटकावरच्या शिपायाने गाडी पाहून आधीच कानात बोटं घातली होती. ती काढून त्याने सलाम ठोकला.

संध्याकाळी बीजेची कोर दिसली. आई अंगणात उभी राहून तिला म्हणाली, "यंदा तुला सुट्टी रे बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाची पाळी सुरू व्हायच्या आत भेडाघाट केला. नाव जरूर घ्या, नावाड्याची बडबड तिकिटात धरलेली असते. खव्याची जिलबी एकीवर थांबवा, आम्ही थांबलो नाही. परतीला कुरईचा घाट तोंड पुढे करून उतरलो. मामा सरहद्दीवरून सुखरूप आला आणि पुढच्या भाऊबीजेला, अण्णांचं बोलावणं गेल्यावर, नागपूरला आमच्या पाटावर बसला.

पंपाचं इंजिन हे अण्णांनी आळीत कधीच कबूल केलं नाही. मरेपर्यंत "सगळं मूळचं". ते गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना ते पुस्तक हाती आलं. ठिणगीच्या क्रमाचं पान आपोआप उघडलं, कारण तिथे मामाचं तेलाचे डाग पडलेलं पोस्टकार्ड होतं. छापील क्रमावर एक रेघ मारलेली, आणि समासात मास्तरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "१-२-४-३. पुस्तक बरोबर आहे, इंजिन दुसरं. मी चुकलो. अडल्यास वसंताला विचारणे."