ठासणीची बंदूक परत मागताना

“बाई, बंदूक धरता तरी येते का? ही घे, दाखव धरून.”

साहेबांनी कोपऱ्यातली छत्री माझ्या हातात दिली. भर कचेरीत. मला वाटलं, ही परीक्षाच असेल. मी छत्री खांद्याला लावली, एक डोळा मिटला. कारकुनानं दोन्ही हात वर केले. “मारू नको बाई, पोरंबाळं आहेत मला.” सगळी कचेरी हसली. खुर्चीत चहा पीत बसलेले बंगलेवाले शेठही हसले. त्यांच्या कमरेला पिस्तूल होतं. परवान्याच्या नूतनीकरणाला आले होते. त्यांना कुणी धरून दाखवा म्हटलं नाही.

मी छत्री खाली ठेवली. लाजेनं कान तापले होते.

बंदूक सासऱ्यांची, नळीत दारू ठासून उडवायची. मग नवऱ्याची, तो गेल्यावर माझ्या नावावर. आंदर मावळात आमची वाडी डोंगराला चिकटून आहे. भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या की रानडुकरं उतरतात, खाचरंच्या खाचरं लोळवतात. बंदुकीचा नुसता बार काढला तरी पळतात. शेतसंरक्षणाचा परवाना त्यासाठीच असतो.

माझा परवाना गेला तो या शेठच्या कुंपणापायी. बंगल्याला तार ओढताना त्यांनी आमची पाणवठ्याची वाट बंद केली. मी हंडा घेऊन तार वाकवली आणि आत गेले. त्यांच्या मॅनेजरनं मला ढकललं. मी त्याला ढकललं. तो पडला, मी पडले नाही, एवढाच फरक. केस माझ्यावर झाली.

वकील म्हणाला, “गुन्हा कबूल कर. कोर्ट उठेपर्यंत बसायचं, संध्याकाळी घरी.” लावणी चालू होती. उपटलेली रोपं बांधावर पडून होती. मी कबूल केलं. दिवसभर बाकावर बसले, न्यायाधीश उठले, मी घरी आले. सुटले असं वाटलं. ते बसणंही कैदच धरतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. पोलीस बंदूक घेऊन गेले. पाच वर्षं मागायचीसुद्धा नाही म्हणाले. पाच वर्षं मी पत्र्याचा डबा बडवला. डुकरं डब्याला भीक घालत नाहीत.

आता मुदत संपली, म्हणून कचेरीत आले होते.

शेठनी कप खाली ठेवला. “देऊन टाका साहेब, आमची हरकत नाही. मावशी, वाटेवरचा हक्क सोडला एवढं लिहून द्या. भांडण मिटलं म्हणू.”

साहेबांनी मान डोलावली. छत्री धरताना नुसती लाज वाटली होती. या गोड बोलण्यानं मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. बंदूक माझी, पाणीही आमचं, आणि एक मिळवायला दुसरं मीच सोडायचं.

“सायेब,” मी म्हणाले, “कोर्टात व्हय म्हनले ती घरी लावनी व्हती म्हनून. आता कुनाच्या सोयीनं व्हय म्हननार न्हाई. बंदूक द्यायची नसंल तर तसं लिहून द्या. म्या वर अपील करीन.”

“सोमवारी या.”

सोमवारी गेले. त्याच्या पुढच्या सोमवारीही गेले. अजून काही लिहून मिळालेलं नाही. जातेच आहे. यंदाचं भात डुकरं खातील, खाऊ देत. पाण्याला मी त्याच वाटेनं जाते, तार वाकवून. पुन्हा कुणी ढकललं तर मीही ढकलीन. आणि या खेपेला कोर्टात उभी राहून आधी कुणी ढकललं ते सांगीन.